झोपेचा रकाना

तीन आठवड्यांपूर्वी एका मंगळवारी सकाळी अनोळखी क्रमांकावरून फोन आला. मी बैठकीत होते. दोनदा कापला, तिसऱ्यांदा उचलला. "मी सविता. शेवंताआक्कांची मुलगी. आई गेली पहाटे... झोपेतच." मग थोडा वेळ फक्त मागचे आवाज ऐकू आले, भांड्यांचे आणि कुणीतरी कुणाला तरी मारलेल्या हाकेचे. "तिच्या उशीच्या अभ्र्यात तुमचा नंबर लिहिलेला कागद होता. म्हणून कळवलं." जे विचारायला हवे होते त्यातले मी काहीच विचारले नाही. तोंडून गेले ते एवढेच, "झोपेत? नक्की?" मृत्यूची बातमी देणाऱ्या मुलीला असला प्रश्न कुणी विचारत नाही. पण आक्कांच्या बाबतीत झोप हा शब्द माझ्यासाठी साधा राहिलेला नाही. वर्षभर दर महिन्याला मी त्यांना झोपेबद्दल तोच प्रश्न विचारला होता आणि शेवटच्या काही महिन्यांत त्यांनी दिलेल्या उत्तरांवर माझा विश्वास नव्हता.

मी संख्याशास्त्र शिकले. परदेशी पीएच.डी.साठी अर्ज करण्यापूर्वी गाठीशी थोडे प्रत्यक्ष काम असावे म्हणून पुण्यातल्या एका लहानशा संस्थेत रुजू झाले. ही संस्था मार्केट यार्डामागच्या वस्तीतल्या, एकाच गल्लीतल्या आठ बायकांच्या खात्यावर वर्षभर दरमहा ठरावीक रक्कम जमा करत होती. अट काहीही नव्हती. पैसे कशावर खर्च केले हे विचारायचे नव्हते. विचारायचे होते ते मनाबद्दल: काळजी, चिडचिड, झोप. उत्तरे तक्त्यात भरणे हे माझे काम. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून मी तिथे जात असे, आणि खरे सांगायचे तर वाटेत माझ्या डोक्यात त्या बायका नसत, अहवाल असे. चांगला अहवाल म्हणजे चांगले शिफारसपत्र, इतका तो सरळ हिशेब होता.

शेवंताआक्का त्या आठजणींत सर्वांत थोरल्या. यार्डातल्या भुसार गाळ्यांवर वाळक्या मिरचीचे देठ खुडण्याचे काम त्या आणि गल्लीतल्या बहुतेकजणी करत. ढिगाभोवती गोल करून दिवसभर बसायचे आणि किलोमागे मजुरी घ्यायची. बोटांची इतकी आग होई, की डोळे पुसायचे झाले तर आक्का मनगटाची मागची बाजू वापरत. सुटीच्या दिवशीही ती सवय सुटत नसे. या बायकांच्या डोळ्यांतले पाणी पुरावा म्हणून धरता येणार नाही, असे मी पहिल्याच दिवशी वहीत टिपले होते. नोंद शहाणपणाची होती, आणि पुढे तिचा विसर मलाच पडला.

पहिल्या भेटीत मी प्रश्न वाचला, "गेल्या आठवड्यात काळजीमुळे किती रात्री झोप लागली नाही?"

"सगळ्या."

"म्हणजे सात?"

"आठवड्यात किती असत्यात ते तुमी शिकलेल्या. लिवा तेवढ्या."

शेजारच्या दारात उभी असलेली, आठजणींतलीच रंजना फिसकन हसली. दोघींच्या घरांमध्ये पत्र्याची एकच भिंत होती. ढिगाशीही रंजना त्यांच्या डाव्या हाताला बसे, आणि आक्कांच्या डब्यातली चटणी न विचारता उचलण्याचा हक्क गल्लीत फक्त तिला होता.

दुसऱ्या महिन्यात आक्कांनी पिंजाऱ्याकडून एक उशी भरून घेतली. तिला निळ्या फुलांचा अभ्रा होता. मला ते पटले नाही. "आक्का, डोळ्यांचं ऑपरेशन राहिलंय ना तुमचं?" त्या म्हणाल्या, "राहिलंय की. पन डोळं दिसायच्या आदी मिटाया नगंत व्हय?" तिसऱ्या महिन्यात झोपेच्या रकान्यात 'दोन' आले, चौथ्यात 'एक'. कशाने फरक पडला, असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "पैशापरीस तारीख बरी, पोरी. आदी आडवी झाले की डोस्कं उद्यापास्नं सुरू व्हायचं, परवावर जायचं, थांबायचंच न्हाई. आता त्या तारखेपातुर जातं आन् तितं बसतं. बसलं की झोप." गरिबी आणि मन यांच्या नात्यावर मी पुष्कळ वाचले होते. त्यातल्या कुठल्याही पानावर अनिश्चितता इतक्या नेमकेपणाने मांडलेली मला आठवत नाही.

पण आक्का एकट्याच अशा होत्या. सहा महिन्यांनी मी तक्ता समोर मांडला, तेव्हा उरलेल्या सात ओळी जणू एकाच तोंडातून निघालेल्या होत्या... सगळ्या रात्री, सगळ्या रात्री. जे एकटेच वेगळे दिसते त्यावर आधी संशय घ्यावा, असे आम्हाला शिकवलेले असते. मी आक्कांवर संशय घेतला. म्हातारी मला बरे वाटावे म्हणून गोड बोलते, असा निष्कर्ष काढून मी मोकळी झाले.

पुढच्या महिन्यात मी ठरल्या दिवसाच्या एक दिवस आधी गेले. गल्लीच्या टोकाशी कुरडयांचा घाट घातला होता आणि रंजना गाळ्यावरच्या शेठची नक्कल करत होती. पोट पुढे काढून, वजनकाट्याकडे एक डोळा ठेवून ती अशी काही चालत होती, की बायका हसून हसून एकमेकींवर रेलल्या होत्या. कुणीतरी म्हणाले, "अगं, कागदवाली!" आणि हसू दिव्यासारखे विझले. रंजनाने पदर डोक्यावर ओढला. मी कागद काढला, तोवर तिचा आवाजही बदलला होता. "सगळ्या रात्री, मॅडम. डोळ्याला डोळा न्हाई."

हातातला सोऱ्या न थांबवता आक्का म्हणाल्या, "रंजे, काल तर घोरत व्हतीस. पत्र्याच्या पल्याड मला ऐकू येतं."

एरवी यावर हशा पिकला असता. आता कुणी हलले नाही. "आक्का, तोंड आवर," रंजना हळू आवाजात म्हणाली. "तुज्या झोपंपायी आमच्या ताटात माती घालशील."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी संमतिपत्रातले वाक्य मोठ्याने वाचले, "आपल्या उत्तरांचा आपणांस मिळणाऱ्या साहाय्यावर कोणताही परिणाम होणार नाही." रंजनाने ते शांतपणे ऐकून घेतले. "कागदावर तर आमच्या नळाला चोवीस तास पानी हाय," ती म्हणाली. मग कुणा एकीच्या घरात फ्रीज दिसला म्हणून पूर्वी मदतीच्या कुठल्याशा यादीतून तिचे नाव कसे गेले, ते तिने सांगितले. तो फ्रीज बंद पडलेला होता आणि त्यात ती गोधड्या ठेवत असे. "सुख दिसलं की नाव कापत्यात, मॅडम. तुमाला कोन कापनार?" आम्ही त्यांची काळजी मोजायला जात होतो, आणि महिन्यातून एकदा येणारी सर्वांत मोठी काळजी आम्हीच होतो.

यानंतर जे झाले ते लिहिताना हात आखडतो. पुढच्या हप्त्याच्या आठ दिवस आधी कार्यालयातून मला कळवण्यात आले, की खात्यांची फेरतपासणी चालू असल्याने या वेळी पैसे उशिरा जमा होतील. मी वस्तीत सांगितले नाही. त्याला माझ्याजवळ एक शास्त्रीय कारण होते: आधीच सांगितले तर उत्तरांवर परिणाम होईल. दुसरे कारण असे, की मला रंजनाला तोंड द्यायची भीती वाटत होती. तारीख आली, पैसे आले नाहीत. आक्का कागदवालीसमोर झोपेचे बोलली आणि पैसे बंद झाले, याहून सरळ अनुमान त्या गल्लीत दुसरे कोणते निघणार होते?

मी गेले तेव्हा आक्का उंबऱ्यात एकट्या बसल्या होत्या. गाळ्यावर, ढिगाशी, त्यांच्या डाव्या हाताची जागा आता रिकामी असे. रंजना उठून पलीकडे जाऊन बसली होती. कुणी पोते ओढू लागायला येत नसल्याने त्यांच्या वाट्याला तळाचा चुरा येई. नळावर त्यांची कळशी मागे सरकवली जाई. हे सारे त्यांनी नाही, त्या दिवशी आईला भेटायला आलेल्या सविताने सांगितले. मी प्रश्न वाचला.

"सगळ्या."

या वेळी ते खरे होते. चेहऱ्यावर दिसत होते. मी लिहिले, तशा त्या म्हणाल्या, "मोठ्यानं वाच. त्यांना ऐकू जाऊंदे." गल्लीतली सगळी दारे उघडी होती आणि कुठूनही भांड्याचा आवाज येत नव्हता. मी वाचले, "शेवंताबाई. सगळ्या रात्री."

दोन दिवसांनी पैसे जमा झाले.

योगायोगाला कार्यकारणभाव समजू नये, हा आमच्या विषयाचा पहिला धडा. तो मी गल्लीत कुणाला शिकवणार होते? मी पुन्हा जाऊन फेरतपासणीचे खरे कारण सांगितले, मला ते आधीच ठाऊक होते हेही सांगितले. रंजना समजूतदारपणे म्हणाली, "असूंदे, मॅडम. आता झालं न्हवं सुरळीत?" उशिरा सांगितलेले खरे सबबीसारखे ऐकू येते. ढिगाशी डावीकडची जागा पुन्हा भरली. आक्कांना त्यांची माणसे परत मिळाली, आणि त्यासाठी त्यांनी काय द्यायचे ते ठरून गेले. उरलेले सगळे महिने माझ्या प्रश्नावर त्या माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत, मनगटाने डोळा पुसत आणि म्हणत, "सगळ्या." त्या झोपत होत्या की नव्हत्या, हे मला कळले नाही. कागद बाजूला ठेवून मी एकदा नुसते विचारू शकले असते. विचारले नाही. 'झोपेच्या बाबतीत लक्षणीय बदल आढळला नाही' असे वाक्य मी अहवालात लिहिले. वाक्य नेटके असल्याबद्दल कौतुकही झाले.

शेवटच्या भेटीत आक्कांनी विचारले, "कागद संपले न्हवं? मग कवातरी नुसतीच ये. तवा सांगीन खरं." एक कोरी प्रश्नावली उरली होती. तिच्या पाठीवर मी माझा नंबर लिहून दिला आणि 'नक्की येते' म्हटले. त्यानंतर चार महिन्यांत मी माझे अर्ज पूर्ण केले. त्यात त्या वस्तीतल्या कामाचा उल्लेख होता. गल्लीत मात्र एकदाही गेले नाही.

तेराव्यानंतर गेले. मेलेल्या माणसाचे अंथरूण घरात ठेवत नाहीत, म्हणून सविताने आईची गोधडी, सतरंजी देऊन टाकली होती. उशी तेवढी दिसली, ती रंजनाच्या घरात, तिच्याच मांडीवर. "ह्ये कुनी घेत न्हाई. मी घेतलं," रंजना म्हणाली. "म्हटलं, हिच्यावर तिला लागायची, तर मला लागंल."

"आक्कांना झोप लागायची?" मी विचारले. इतक्या महिन्यांत प्रथमच माझ्या हातात काही नव्हते. तरी तिने आधी माझ्या हातांकडे पाहिले, मग पिशवीकडे.

"लागायची म्हंजे? भिंत एकच हाय, मॅडम. तुमाला सगळ्या-सगळ्या सांगायची, तवा बी घोरायची. मी बी घोरायचे. पैशे अडकले व्हते तेवढ्या दिसांत मातर उठायची. पत्र्याला पाठ टेकून बसायची. मला हिकडं कळायचं... कारन मी बी बसलेलीच." थोडे थांबून ती म्हणाली, "त्या दिवशी मी तिला लई बोलले. खरं बोलली व्हती ती."

मग तिने अभ्र्यात हात घातला आणि चौघडी केलेला तो कागद बाहेर काढला. सविताने तो होता तिथेच परत ठेवला होता. "ह्यो तुमचाच. लिवा आता. आता काय कापनार?"

कागदाच्या घड्यांत मिरचीची धूळ बसली होती. मी तो मांडीवर सरळ केला, प्रश्नांची कोरी बाजू वर घेतली आणि नावाच्या जागी 'शेवंताआक्का' असे लिहिले. झोपेच्या रकान्यात आकडा लिहायचा असतो. मी लिहिले, 'लागत होती.' मग डोळ्यांची आग होऊ लागली, आणि ते पुसायला मी मनगटाची मागची बाजू वापरली.