दुसरी खूण

आमच्या गल्लीत त्यांना सगळे नंबरवाले काका म्हणतात, कारण ते चष्म्याचा नंबर काढून देतात. माणूस सरळ, माणसावर चटकन विश्वास टाकणारा. त्या विश्वासाचा गळा कापला तो मी. आडवळणं कशाला, आधीच सांगून टाकतो.

दुकान लहानसं. पुढे फ्रेमांचं कपाट, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, मागच्या खोलीत काचा घासायचं यंत्र. त्याच्या वरच्या फळीवर पुस्तकाएवढा एक काळा डबा गुरगुरत असतो. तो आमचा सर्व्हर. मोठ्या कंपन्यांच्या सोशल मीडियाला विटून काकांनी तो स्वतः उभा केला. अशा सर्व्हरांच्या जाळ्याला एक मालक नाही; ज्याने त्याने आपला सर्व्हर चालवावा आणि इतरांच्या सर्व्हरशी बोलावं. "भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागतं," काका म्हणायचे. "हे आपलं घर. पण मग झाडूही आपणच मारायचा."

तीनेकशे माणसं तिथे जगाच्या गप्पा मारायची. कुठली लढाई थांबली, कुठल्या निवडणुकीत घोळ झाला, वादळ कुठे वळलं. भांडणंही व्हायची, पण खोट्या बातमीवरून कधी नाही, कारण काकांचा एक नियम होता. कुणी बातमी टाकली की दोघांनी ती एकमेकांशी न बोलता पडताळायची आणि खाली 'पाहिलं' अशी खूण करायची. दोन खुणा झाल्याशिवाय बातमी कुणाला दिसायची नाही. "एका डोळ्याला अंतर कळत नाही," असं ते सांगायचे. पहिली खूण त्यांची, दुसरी माझी.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. दोर, ब्रेक, दरवाजे स्वतः पाहिल्याशिवाय तपासणीच्या कार्डावर मी आजवर सही केलेली नाही. साहेब मागे लागले तरी नाही. आणि हाच शहाणा इथे काय करत होता? पहिले दोन महिने इमानेइतबारे पडताळलं. मग लक्षात आलं, काकांची खूण पडली की बातमी खरीच निघते. मग आपण कशाला डोकं फोडायचं? जेवताना, जिना चढताना, बोट दाबलं की झालं. लोक म्हणायचे, "तुम्ही दोघं आहात म्हणून आम्ही निर्धास्त." मीही मान डोलवायचो. आयत्या बिळावर नागोबा! असे सतरा महिने गेले.

मग एके दिवशी दुपारी धरण फुटल्याची बातमी आली. परक्या देशातलं धरण, खाली मोठं शहर, सोबत पाण्यात बुडालेल्या घरांचा फोटो. काकांची खूण आधीच होती. मी एका इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा होतो, हात ग्रीसने माखलेले. करंगळीने दुसरी खूण केली आणि कामाला लागलो.

त्या शहरात शिवणवाल्या मावशींची मुलगी नर्स आहे. मावशींचं दुकान काकांच्या समोरच. संध्याकाळी मी तिथे पोचलो तेव्हा त्या नंबर तपासायच्या खुर्चीत बसून फोन लावत होत्या. गळ्यात मोजपट्टी तशीच होती. सहा तास त्या फोन लावत होत्या आणि पलीकडे कुणी उचलत नव्हतं. शेवटी मुलीचाच फोन आला. "आई, किती ते मिस्ड कॉल! अगं, मी ड्यूटीवर होते, फोन लॉकरमध्ये होता. धरण? धरणाला काय झालंय?"

धरणाला काहीच झालं नव्हतं. फोटो दुसऱ्याच देशातला, सात वर्षांपूर्वीचा. फोटोच्या कोपऱ्यात एक फलक होता, त्यावर वर्ष लिहिलेलं होतं.

मावशी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "दोन खुणा होत्या ना, म्हणून मी खरं मानलं." मग मोजपट्टी गुंडाळत निघून गेल्या. रात्री त्यांनी आपलं खातं बंद केलं.

काकांनी मला विचारलं, "तू नीट पाहिला होतास ना रे फोटो?"

"हो काका. माझ्याही नजरेतून सुटलं."

त्यांनी लगेच मानलं. तरी मी खरं सांगितलं नाही. काकांनी सर्व्हरवर एकट्याच्या नावाने माफी मागितली. दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या डबीत एक चिठ्ठी घालून माझ्या हातात दिली. तिच्यावर सर्व्हरचा पासवर्ड होता.

"आता तू सांभाळ. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय, वर्ष झालं. कुणाला बोललो नाही. म्हटलं, दुसरी खूण तुझी आहे, मग काळजी नाही."

तीन दिवस ती डबी माझ्या हत्यारांच्या पिशवीत होती. पाना काढायला हात घातला की ती हाताला लागायची. चौथ्या दिवशी मी हे सगळं कागदावर लिहिलं आणि डबीसकट काकांच्या पुढ्यात ठेवलं.

त्यांनी भिंग घेऊन एकेक ओळ वाचली. मग मागच्या खोलीत गेले. बराच वेळ की-बोर्डचा आवाज येत होता. मी अक्षरांच्या तक्त्याकडे पाहत बसलो. बाहेर येऊन ते म्हणाले, "चौदा महिने लिहिलंयस. सतरा झालेत. बातमी न उघडता खूण केली की त्याची नोंद राहते. ती नोंद मी कधी उघडून पाहिली नव्हती."

"का काका?"

"तुझी होती म्हणून."

मी चौदा खोडून सतरा केलं. तेव्हा कुठे त्यांनी खाली खूण केली, आणि म्हणाले, "दुसरी मावशींकडून आण. मग सर्व्हरवर टाकू."

मावशी मशीनवर होत्या. मी मान खाली घालून कागद पुढे केला, आणि फार वेळ उभं राहवेना म्हणून म्हटलं, "वाचायला नको, मावशी, मीच सांगतो सगळं. तुम्ही फक्त खूण करा."

त्यांनी पाय थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ठेव तिथे," त्या म्हणाल्या. "मी वाचल्याशिवाय खूण करत नाही."