सिनेमाचं गाव कुणी जाळलं

नोकरीतल्या बऱ्याच केसेस मी विसरले. विसरायलाच पाहिजेत, नाहीतर माणसानं जेवायचं कधी? कोलशेतच्या खाडीकाठी सिनेमाचा सेट जळाला होता, ती केस मात्र डोक्यातून जात नाही. टीव्हीवर कोणी 'चित्रपटांना करसवलत देणार' असं बोलायला लागलं, की मला ती राख दिसते. नावं कोणाचीच लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

माझे मालक पोलीस खात्यात होते. ते वारले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. माझं शिक्षण सातवीपर्यंत. शिपाई म्हणून लागले, सहायक फौजदार होऊन निवृत्त झाले. ही केस निवृत्तीच्या थोडी आधीची, नवरात्र जवळ आलं होतं तेव्हाची.

घोडबंदर रोडला एका उंच टॉवरमध्ये राहणारा एक निर्माता होता. त्यानं कोलशेतच्या खाडीला लागून मोकळ्या जागेत कोळीवाड्याचा सेट उभारला. खरा कोळीवाडा हाकेच्या अंतरावर, पण सिनेमावाल्यांना खरा चालत नाही. सरकारची तेव्हा एक योजना होती. राज्यात शूटिंग करा, इथे खर्च करा, त्या खर्चाच्या हिशेबात करात सूट घ्या. खर्च जितका मोठा, तितकी सूट मोठी. कागदावर निर्मात्यानं पक्कं लाकडी गाव बांधलं होतं. ते बघायला सरकारी समिती यायची होती. समिती यायची त्याच दिवशी पहाटे गाव जळालं.

सकाळी आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. म्हणाला, "सेट पेटला तेव्हा एक होडीवाला डबा घेऊन तिथून जाताना दिसला. त्याला विचारा." फोन ठेवला. पाठोपाठ निर्माता स्वतः फिर्याद द्यायला आला. पांढरे बूट, डोळ्यांवर काळा चष्मा. सांगत होता, "त्या होडीवाल्यानं सगळ्यांसमोर धमकी दिली होती, साहेब. युनिटमधले दहा लोक सांगतील."

दहा लोकांनी सांगितलंही. धमकी खरी होती. सेटमुळे होडीकडे जायची वाट बंद झाली होती आणि जाळी सुकवायची जागा गेली होती. होडीवाला तिथे जाऊन भांडला होता आणि ओरडला होता, "तुमचा यो गाव मी पेटवून देईन." त्याच्या घरी डिझेलचा डबा सापडला. आमच्या लोकांनी त्याला आणलं, कोर्टानं पोलीस कोठडी दिली. जाळपोळीचं कलम गंभीर. सिद्ध झालं असतं तर माणूस कितीतरी वर्षं आत गेला असता.

त्याला विचारताना साहेबांनी मला बरोबर बसवलं. आमचे साहेब वयानं लहान, पण समजूतदार. होडीवाला तिशीचा, अंगानं दणकट, मान ताठ.

साहेब म्हणाले, "पेटवीन असं बोललास की नाही?"

"बोललेलो. सगळ्यांसमोर बोललेलो."

"मग?"

"बोललेलो. पेटवला नाय."

"डबा घेऊन कुठे चालला होतास?"

"होडीवर. इंजिनाला डिझेल नको? पाण्यावर चालतंय काय ते?"

साहेबांना राग आला. मला आला नाही. चोर असता तर 'मी असं बोललोच नाही' इथून त्यानं सुरुवात केली असती. गुन्हा करणारा माणूस सगळ्यात आधी धमकी नाकारतो, कारण ती नाकारायला सोपी असते. ही माझी इतक्या वर्षांची समजूत. पण समजूत कोर्टात चालत नाही.

त्याची आई रोज ठाण्यात येऊन बाकावर बसायची. रडणं नाही, पाया पडणं नाही. ड्यूटीवरचा हवालदार म्हणाला, "आजी, घरी जा. इथे बसून काय होणार?"

"तू बसतंस ना दिवसभर? तुझं काय होतंय?"

मी हसले. म्हातारी माझ्याकडे वळली. "गो बाय, तू हसतंस. माझा पोर आत हाय."

मी म्हटलं, "पोरानं तोंड आवरलं असतं तर आत नसता."

"तोंड माझ्यावरच गेलाय त्याचा. पण हात नाय तसा. तू एकदा येऊन बघ तरी, कुठं काय जललंय ते. तुमचे लोक आले, राख बघितली, चहा पिले, गेले."

पंचनाम्याला मी नव्हते. म्हातारीच्या सांगण्यावरून जायचं कारण नव्हतं, पण मला निर्मात्याची फिर्याद खटकत होती. ज्याचं गाव जळालं त्याचा चेहरा सुतक पडल्यासारखा असायला हवा. हा माणूस समितीचे लोक किती वाजता निघाले ते फोनवर विचारत होता.

ठाण्यात चहाच्या वेळी या करसवलतीवरून वादही झाला होता. हवालदार म्हणत होता, "सिनेमावाल्यांना कशाला सूट? माझा पगार तर कापूनच हातात येतो." साहेब म्हणाले, "अहो, एक शूटिंग आलं की सुतार, रंगारी, जेवणवाले, सगळ्यांना काम मिळतं. सूट दिली नाही तर दुसऱ्या राज्यात जातील." साहेबांचं म्हणणं चूक नव्हतं. कोळीवाड्यातल्या बायकांना त्या युनिटच्या स्वयंपाकाचं काम मिळालं होतं, हे म्हातारीनेच सांगितलं होतं. ती म्हणाली, "काम दिलं, ते खोटं नाय. मासळी नीट करता येत नव्हती त्यांच्या आचाऱ्याला."

मी आणि एक शिपाई खाडीवर गेलो. जागेवर काळा थर, मध्ये प्लायवूडचे जळके तुकडे, वितळून गोळा झालेलं रंगवलेलं प्लास्टिकचं कापड. पाऊस नुकताच सरला होता, जमीन मऊ. चालताना माझी काठी एका ठिकाणी राखेतून सरळ आत गेली. मी काढली. काठीला काळा चिखल. थोडं पुढे पुन्हा गेली. मग मी मुद्दामच सगळीकडे काठी खुपसत फिरले. एका ओळीत खड्डे होते. मंडपासाठी बांबू रोवायला खणतात तसे. खड्ड्यात पाणी होतं. बांबू नव्हते.

शिपाई म्हणाला, "बांबू जळाले असतील, ताई."

मी त्याला म्हटलं, "वरचे जळतील. जमिनीतले कसे जळतील?"

हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं. गणपती-नवरात्रात बंदोबस्ताला उभं राहून आयुष्य गेलं. डोंबिवलीत एकदा एका मंडळाचा मंडप जळाला होता. रस्ता मोकळा करायला आम्ही पहार लावून जमिनीतले बांबूचे खुंट उपटले होते. वर कोळसा, खाली हिरवट बांबू तसाच. बांबू उभा असताना आग लागली तर खड्ड्यात खुंट राहतोच. इथे एकाही खड्ड्यात खुंट नव्हता. म्हणजे आग लागायच्या आधी कोणीतरी बांबू काढून नेले होते. म्हणजे आग लागली तेव्हा तिथे गाव उभंच नव्हतं. मग होडीवाल्यानं पेटवलं काय? जमिनीवर पडलेलं कापड?

साहेबांना सांगितलं. ते पेन फिरवत म्हणाले,

"ताई, बांबू कोणीही चोरून नेले असतील."

"आग लागल्यावर चोरले असते तर खुंट राहिले असते, साहेब. आधी चोरले असते तर निर्मात्यानं आधीच बोंब मारली असती."

"मग कोणी नेले?"

"ज्याचे होते त्यानं."

कोळीवाड्यात विचारलं. म्हातारीच म्हणाली, सेट बांधायला कल्याणचा मंडपवाला आला होता, बांबूंच्या टोकांना पिवळा आणि हिरवा रंग होता. प्रत्येक मंडपवाला आपल्या बांबूंच्या टोकांना आपला रंग मारतो, म्हणजे लग्नसराईत दुसऱ्याच्या बांबूंत मिसळले तरी ओळखता येतात. कल्याणला जाऊन पिवळ्या-हिरव्या टोकांचा माणूस शोधायला फार वेळ लागला नाही. धंद्यातले लोक एकमेकांचे रंग ओळखतात.

गोदामात बांबूंचे ढीग. बाकीचे स्वच्छ, एका ढिगाच्या बुडाला सुकलेला काळा चिखल. कल्याणच्या रस्त्यावर असा चिखल नसतो. हा खाडीचा.

मंडपवाला घाम पुसत आला. "मॅडम, काय झालं? परमिशन सगळी आहे आपली."

"कोलशेतच्या सेटचे बांबू कधी काढलेस?"

"आग लागली त्याच्या आदल्या संध्याकाळी."

"कोणी सांगितलं काढायला?"

"कोणी नाही. उलट तो शेठ म्हणाला, 'उद्या सीन आहे, गाव जाळायचं आहे, बांबू राहू दे उभे, भरपाई देतो.' मी म्हटलं, शेठ, नवरात्र तोंडावर आलंय, बाजारात एक बांबू मिळत नाही. भरपाईचा मी काय मंडप बांधू? बांबू मी बापालासुद्धा जाळायला देणार नाही!"

शिपाई हसला. मंडपवाल्याला कळलं नाही कशाला. "खरं सांगतो मॅडम. कापड, प्लाय सगळं आडवं घातलं, बांबू टेम्पोत टाकले आणि निघालो. शेठला सांगितलं नाही, शिव्या घातल्या असत्या."

"तिथे लाकडी घरं किती होती?"

"लाकडी? कुठली लाकडी? पुढून कापड, मागून बांबू. गणपतीच्या देखाव्यासारखं. कॅमेऱ्यात चांगलं दिसतं."

"होडीवाल्याला पकडलं, तुला माहीत होतं?"

त्यानं खाली बघितलं. "ऐकलं होतं. पण पोलिसांच्या भानगडीत कोण पडणार, मॅडम?"

माणसं अशीच असतात. वाईट नसतात. स्वतःचे बांबू वाचवतात, दुसऱ्याचा मुलगा वाचवायला येत नाहीत. मी त्याचा जबाब घेतला आणि ठाण्यात परत आले.

निर्मात्याला बोलावलं. आधी तो तोऱ्यात होता. "साहेब, मी गुंतवणूक आणणारा माणूस. आम्ही नसतो तर ही कामं शेजारच्या राज्यात गेली असती. सरकार उगाच सवलत देतं काय?"

मी विचारलं, "शेठ, घरं लाकडी होती ना?"

"अर्थात."

"मग खिळे कुठे आहेत? लाकूड जळतं, खिळे नाही जळत. मी सगळी राख चाळली, खिळे मिळाले ते एका दाराला पुरतील एवढेच."

मग साहेबांनी खड्ड्यांचे फोटो समोर ठेवले, वर कल्याणच्या बांबूंचे. साहेबांनी काही विचारलंही नाही. पोलिसाला एक गोष्ट शिकावी लागते, ती म्हणजे गप्प बसणं. समोरचा मग स्वतःच बोलायला लागतो.

निर्मात्यानं पाणी मागितलं. अर्धा ग्लास प्यायला. मग म्हणाला, "पहाटे आलो तर सगळं आडवं पडलेलं. बांबूच नाहीत. समिती येणार, लाकडाच्या जागी कापड बघितलं की सूट गेली. म्हटलं, जळल्यावर उभं काय आणि आडवं काय, राख सारखीच."

सकाळचा फोनही त्यानेच केला होता. होडीवाल्याची धमकी त्याच्या आयती कामी आली होती. एरवी त्यानं कोणाचं नाव घेतलं असतं, ते त्यालाही माहीत नव्हतं.

होडीवाल्याविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल कोर्टात गेला आणि त्याला सोडलं. निर्मात्यावर गुन्हा दाखल झाला. जामीन त्याला मिळाला, सवलत नाही मिळाली. माझ्या मते जामिनापेक्षा सवलत न मिळणं त्याला जास्त लागलं.

सुटल्यावर होडीवाल्यानं पहिला प्रश्न विचारला, "माझा डबा?"

"तो मुद्देमाल आहे. कोर्ट सोडेल तेव्हा मिळेल."

"मग होडी कशी नेऊ?"

आई त्याच्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, "वल्ही हाईत ना? चल."

राज्यांनी सिनेमाला करसवलत द्यावी की नाही, यावर मोठमोठे लोक बोलतात. मी सातवी शिकलेली, पण मला माझं मत आहे आणि ते पक्कं आहे. सवलत द्यायची तर कामाला द्या. स्थानिक सुताराला इतके दिवस काम दिलं, बायकांना स्वयंपाकाचं काम दिलं, त्याची सूट द्या. ती माणसं जाऊन विचारता येतात. खर्चाला सूट देऊ नका. खर्चाला सूट दिली की लोक खर्च बांधतात, सिनेमा बांधत नाहीत. शेजारचं राज्य जास्त देतंय म्हणून आपणही वाढवायचं, ही भाजीबाजारातली चढाओढ झाली. जो सवलतीसाठीच येतो, तो उद्या जास्त सवलत मिळेल तिकडे जाणारच. जाऊ दे. ज्याला खरंच खाडी पाहिजे, तो खाडीवर येईल.

आणखी एक. सूट द्यायच्या आधी जागा बघायला जो अधिकारी जाईल, त्यानं गाडीतून उतरावं आणि काठी बरोबर न्यावी.

खटल्यासाठी ते खड्डे आम्ही बरेच दिवस तसेच ठेवायला लावले होते. फोटो, मापं, दुसरा पंचनामा, सगळं झाल्यावर मी कोळीवाड्यात जाऊन सांगितलं, आता बुजवा. काही दिवसांनी गेले तर म्हातारी आणि तिचा मुलगा घमेल्यानं माती टाकत होते. जाळी पुन्हा तिथेच पसरली होती, जिथे जमीन सारखी झाली होती तिथपर्यंत.

मी म्हटलं, "सरकारला अर्ज करा. भरपाई मिळेल कदाचित."

म्हातारीनं घमेलं खाली ठेवलं नाही. "अर्ज तू कर, बाय. तुला येतंय ना लिहायला. आमी माती टाकतो, नायतर उद्या पोरांचे पाय मोडतील."

मी काठी बाजूला ठेवली आणि दुसरं घमेलं उचललं.