ताईच्या फोटोतली अंबाडी

आमच्या घरातली लेकरं पाळण्यात कमी आणि पत्रकांच्या गठ्ठ्यांवर जास्त झोपली. बाबा वालूरच्या शाळेत मास्तर होते. शाळा सुटली की हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध पत्रकं लिहायचे आणि सेलूहून छापून आणायचे. घड्या घालायला ताई आणि मी. बाबांचा नियम एकच, खाली नाव पाहिजे. "ज्याच्याखाली नाव न्हाई ते पत्रक न्हाई, चहाडी हाय," असं ते म्हणत.

विहारात पंचशील म्हणताना नशेच्या पाचव्या शीलाला बाबांचा आवाज आजही चढतो. सख्ख्या भावानं दारूचं दुकान काढलं, तेव्हापासून बाबा त्याच्याशी एक शब्द बोललेले नाहीत. समोरून काका आला तर रस्ता बदलतात. म्हणूनच ताईच्या नव्या नोकरीची खबर घरात फक्त मला होती.

ताई शेतकी शिकून अमेरिकेला गेली. ती राहते त्या राज्यात गांजा कायद्यानं खुला आहे. एकविशी ओलांडलेल्या माणसानं दुकानात जायचं, ओळखपत्र दाखवायचं आणि हवी ती पुडी घेऊन यायचं. ताई तो माल प्रयोगशाळेत तपासते. मला कळलं तेव्हा मी तिच्याशी तासभर भांडले. आपल्याकडे कपाशीत चार झाडं सापडली की शेतकऱ्याला बेड्या, आणि तिकडे तेच झाड काचेच्या कपाटात, वर दिव्यांची रोषणाई! मला ते अजूनही खुपतं.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. "भाषण झालं असंल तर ऐक. बाबांना सांगू नको. माझ्याशी बोलणं सोडतील."

मी कबूल झाले.

पुढं तिनं मला एक फोटो पाठवला, तो मायनं माझ्या फोनवर पाहिला. नमुने घ्यायला गेलेली ताई पांढऱ्या कोटात, काचेच्या घरात, कातरलेल्या पानांच्या झाडांमध्ये कमरेपर्यंत बुडालेली.

"अगं बया, ही तर अंबाडी!" माय म्हणाली.

आमच्याकडे कपाशीच्या धुऱ्याला, बांधाच्या कडेनं, अंबाडीची एखादी ओळ असतेच. कोवळ्या पाल्याची भाजी, वाळल्या काड्यांच्या दोऱ्या. तिचंही पान हाताच्या बोटांसारखं, कडा अशाच कातरलेल्या. ताईला शब्द दिला होता; मी ती अंबाडीच राहू दिली.

दोन दिवसांत गल्लीभर झालं, की मास्तरांची पोरगी अमेरिकेत अंबाडी पिकवायलीय. शेजारच्या काकू मोठ्या वावरवाल्या, त्यांना पिकातलं कळतं. त्यांनी फोटो डोळ्याजवळ नेला, लांब धरला.

"पान जरा बारीक हाय की वो."

"तिकडचं पाणी मानवलं नसंल," माय म्हणाली.

"मंग मूठभर बी पाठव म्हणावं. आमची औंदा किडीनं खाल्ली."

बाबासुद्धा अभिमानानं फुगले होते. "अंबाडीचा कागद होतो," ते येईल त्याला वर्गात शिकवल्यासारखं सांगत. "आपून नुसती भाजी करून खाल्ली."

रविवारी ताईचा फोन आला, मायनं तो स्पीकरवर टाकला. काकू बी मागायला मुद्दाम येऊन बसल्या होत्या. माय म्हणाली, "काय गं, एवढी अंबाडी हाय, भाजीत घालायला कण्या मिळतात का तिकडं? आन काकूला मूठभर बी धाड."

ताई खळखळून हसली. मग हसू थांबलं.

"माय, ती अंबाडी न्हाई. गांजा हाय."

"अगं माय, आन मी मूठभर मागायलेय!" काकूंनी पदर तोंडाला लावला.

दुसरं कुणी हसलं नाही. बाबांनी फोन हातात घेतला. ते आता काय बोलतील, की बोलणारच नाहीत?

"तू विकतीस?"

"न्हाई बाबा. तपासते. फवारणीचं विष हाय का, बुरशी हाय का, नशा किती चढंल. नापास झाला तर माल दुकानात जात न्हाई."

"आन पास झाला तर?"

"तसं कागदावर लिहून देते. सोबत सूचना असतात, त्यापण मीच लिहिते."

"कागदाखाली नाव कुणाचं?"

"माझं. सहीसकट."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वाच."

ताई एकेक ओळ मराठीत करून वाचू लागली. पाचव्या ओळीला बाबांनी हात वर केला. "लय लांबलं. एवढं कोण वाचतंय? गाडी चालवायची न्हाई, लेकराच्या हाताला लागू द्यायचं न्हाई. हे पहिलं. बाकीचं मागून."

"बाबा, त्याचा क्रम सरकारनं ठरवलेला असतोय."

"मंग सरकारला लिही. नाव घालून." मग जरा थांबून म्हणाले, "तुझं काम मला पटलेलं न्हाई, हे ध्यानात ठेव. पुढच्या रविवारी फोन कर."

पलीकडून ताईचं नाक ओढणं ऐकू आलं.

फोन ठेवून बाबा माझ्याकडे वळले. "आन तुला ठावं होतं?"

मी मान डोलावली.

"मंग तू कुठं नाव घातलंस?"

बाबांनी कोरा कागद पुढ्यात सरकवला. मी पानभर लिहिलं, त्यात दोन्ही देशांचे कायदे आले, बेड्या आल्या, काचेचं कपाट आलं. बाबांनी सगळं खोडून दोनच वाक्यं ठेवली. फोटोतलं झाड अंबाडी नाही, गांजा आहे. मला हे पहिल्यापासून माहीत होतं. खाली मी नाव घातलं आणि घरोघर जाऊन वाचून दाखवलं.

काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग आत गेल्या आणि किडीतून वाचलेल्या पाल्याची एक जुडी आणून माझ्या हातात दिली.

"ही खरी हाय," त्या म्हणाल्या. "तरी मास्तरांना दाखवून घे."