वैशालीच्या अर्जातला आकडा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आज तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीटसं कळत नाही.

नव्वदचं दशक सरता सरता शाहूपुरीतल्या एका छोट्या ऑफिसात आम्ही यंत्रमाग कारखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहायचो. लिनक्सचं एकच मशीन, त्याला जोडलेले चार पडदे, आणि सगळ्यांत मिळून एकच लॉगिन. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्यायचा कंटाळा मीच केला होता.

वैशाली कबनूरहून कामाला यायची. तिला 'स्क्रीन' नावाचा प्रोग्रॅम मीच शिकवला. एका पडद्यावर हवी तेवढी कामं उघडायची, मध्येच सोडून उठायचं, पडदा बंद केला तरी ती मागं चालूच राहतात. परत येऊन एक आज्ञा दिली की अर्धवट ओळसुद्धा जागच्या जागी. "बिनधास्त ऊठ, इथं कुणी हात लावत नाही" — हेही मीच म्हणालो होतो.

वर्षभरात ती माझ्या पुढं गेली. सहा-सहा कामं उघडी, प्रत्येकाला नाव दिलेलं, कशातच गोंधळ नाही. मी माझी दोन कामं कुठं सोडली ते शोधत बसायचो. गिऱ्हाईक फोनवर मलाच सांगायचं, "पावणं, तुम्ही ऱ्हाऊ द्या. त्या मॅडमना द्या की फोन." मी हसून द्यायचो. आणि आत? आत नुसता जळायचो. तिचं कौतुक झालं की मला डबा गोड लागायचा नाही — इतका मी हलका होतो.

एका दुपारी ती गिऱ्हाइकाकडे गेली होती. लॉगिन एकच, त्यामुळं तिच्या कामांची यादी माझ्या पडद्यावरही यायची; तीत 'पुणे' असं एक नाव दिसलं. का उघडलं मी ते? सहज? नाही, सहज नव्हतं. आत नोकरीचा अर्ज होता, शेवटची ओळ अर्धवट. चांगला अर्ज होता — माझ्याच्यानं झाला नसता. खाली घराशेजारच्या किराणा दुकानाचा फोन नंबर, पुढं 'पी.पी.' — म्हणजे फोन दुसऱ्याचा, निरोप तिला. निवड झाली तर कंपनी फोनवरच कळवणार होती.

मी एक आकडा बदलला. तीनचा आठ केला, सेव्ह केलं, बाहेर पडलो.

ती परत आली, राहिलेली ओळ पुरी केली, प्रिंट काढून पाकीट पोस्टात टाकलं. वर न वाचता. कशाला वाचेल?

महिनाभर ती रोज घरी जाताना त्या दुकानात विचारायची. हे तिनंच सांगितलं. फोन खरंच आला असता का? माहीत नाही. त्या 'माहीत नाही'च्या आडोशाला मी बरीच वर्षं बसलो.

मग एक दिवस तिनं तोच अर्ज माझ्यासमोर उघडला. "वाट बघून दमलो की सर. जरा बघताय का? काय चुकलंय माझं?"

तो आठ मला लगेच दिसला. मी सावकाश, वरपासून खालपर्यंत वाचल्यासारखं केलं. आणि म्हणालो, तुझं इंग्रजी कच्चं आहे, पुण्यात नाही चालायचं.

तिनं मान हलवली. 'पुणे' पुसून टाकलं. पुन्हा तिनं कुठंही अर्ज केला नाही.