शेरूचा वंश आणि कॅनमधला धूर

आता तुम्ही हसणारच, तेव्हा आधीच हसून घ्या. चहा तेवढा सांडू नका. पण एक ठणकावून सांगतो, माझी कल्पना चुकीची नव्हती! आजही नाही!

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी दीपनगरच्या वीजकेंद्रात बॉयलरवर. माझा अल्सेशियन शेरू म्हातारा झाला होता. अख्ख्या कॉलनीत तसा कुत्रा नव्हता, आणि त्याचं एकही पिल्लू नव्हतं. शेरू गेला म्हणजे सगळं संपलंच की! माझा जीव नुसता तुटायचा.

शिंदखेड्याच्या एका शेठजींकडे त्याच्या जातीची कुत्री होती. पण ती माजावर येणार कधी, आणि तोवर शेरू राहणार का? म्हटलं, गाईम्हशींना चालतं ते कुत्र्याला का नाही? जळगावच्या एका जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं.

"अहो भाऊ, वळूचं वीर्य गोठवतो आम्ही. कुत्र्याचं कोण गोठवतं?"

"तुम्ही गोठवा!"

गोठवलं बिचाऱ्यांनी. बारीक कांड्यांत भरून द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये ठेवलं. पुढे हिवाळ्यात शेठजींचा निरोप आला, कुत्री माजावर आहे. मी मित्राची जीप काढली. कॅन देताना डॉक्टरांनी बजावलं, "झाकण उघडायचं नाही. थेट शिंदखेडा!"

शेरूलाही सोबत घेतलं. मी घरात नसलो की तो भाकरीला तोंड लावायचा नाही. उपाशी ठेवू का त्याला?

आता थेट म्हणे! वाटेत सोनगीर, आणि सोनगीरला माझी सासुरवाडी. दारावरून जावई तसाच पुढे गेला, तर पुन्हा तोंड दाखवायची सोय राहते का? थांबलो. तिकडे भरताची वांगी भाजायला पडली, इकडे सासरे कॅनभोवती फिरायला लागले.

"जावईबापू, हाई काय शे?"

"शेरूचा वंश आहे, आबा."

"मंग दखाडा ना!"

सासऱ्याला नाही म्हणू? उघडलं. भसाभस पांढरा धूर! सासूबाईंनी धावत येऊन कॅनला हळदकुंकू लावलं.

माझा तर जीव भांड्यात पडला. आमच्या वीजकेंद्रात चिमणीतून धूर निघतोय म्हणजे काम जोरात चालू. इथेही तेच, नाही का?

तेवढ्यात आबा दारातून ओरडले, "बठ्ठी गल्ली वाट दखी राहिनी!"

मग काय! सगळी गल्लीच बघायला जमलेली. जो येईल त्याच्यासाठी झाकण वर. कांड्या बाहेर उचलूनसुद्धा दाखवल्या. शेवटी शेवटी धूर पातळ झाला. मी खूश! चिमणीचा धूर पातळ झाला म्हणजे जळण उत्तम, हे मला कुणी शिकवायला नको.

भरीत-भाकरी हाणून शिंदखेड्याला शेठजींच्या घरी पोचलो. शेरूला जीपमध्येच ठेवलं. शेठजींनी बोलावलेल्या तिथल्या तरुण डॉक्टरांनी कॅन उघडला. आत डोकावले. मग माझ्याकडे पाहिलं.

"नायट्रोजन कुठंय?"

"आहे की! सोनगीरला केवढा धूर होता. शंभर माणसं साक्षीला आहेत!"

"तो धूर म्हणजेच नायट्रोजन उडत होता, भाऊ. कांड्या कोमट झाल्यात. आता दात कोरायला घ्या."

माझं डोकंच फिरलं. शेरूचा वंश मी स्वतःच्या हातांनी गावभर वाटून आलो? छे! मान्यच केलं नाही. "तुम्ही कालचे डॉक्टर, मी वीस वर्षं धूर बघतोय!" असा कडाकडा भांडलो की रस्त्यावरची माणसं जमली.

इतक्यात शेठजी मागच्या अंगणातून आले. "भाऊ, भांडण राहू द्या. जीपमधला कुत्रा तुमचाच ना?"

"हो. का?"

"तो आता जीपमध्ये नाही."

आम्ही मागे धावलो. गुडघे गेलेला, दात पडलेला माझा शेरू शेठजींच्या कुत्रीपाशी होता, आणि त्याला आमच्याकडे बघायला सवड नव्हती.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हा जिवंत आहे, चालतोफिरतो, आणि तुम्ही याला शेजारी बसवून याचंच बीज गोठवून आणलंत?"

"वेळेला असावं म्हणून!" मी छाती काढून म्हणालो.

पिल्लं झाली. एक हट्टानं घरी आणलं. आल्यागेल्याला मी सांगतो, हा विज्ञानाचा विजय आहे. कसा, ते विचारू नका, पण आहे!

बायको मात्र चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हणते, "त्या पिल्लाचा बाप शहाणा होता हो. मालकावर विसंबला असता, तर आज आम्ही कॅनलाच दूध-भाकरी घालत बसलो असतो!"