आत्यांनी खुर्ची मागितली

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. माझ्या आत्या सोलापुरात आमच्याजवळ राहतात आणि हट्टीपणात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनी निर्गुडीचा पाला बांधून पाहिला, तेल चोळून पाहिलं आणि शेवटी चालणंच सोडलं. "झिजलंय म्हंत्यात न्हवं? मग उरलेलं जपून वापराय नगं?" महिनाअखेरीला गोडेतेल पुरवून वापरावं तसे गुडघे पुरवायचे, असं त्यांचं गणित.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून दाखवला. दोन हाडांमधली कूर्चेची गादी पातळ झाली होती. ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. "पण आजी, मांडीचे स्नायू बळकट केलेत तर गुडघ्यावरचा भार हलका होईल. बसून राहिलात तर ते आणखी सुकतील. झेपेल तेवढं चाला. आणि मांडी घालून, उकिडवं असं खाली बसणं बंद."

मला वाटलं, आत्या चार दिवस करतील आणि सोडतील. कसचं काय! रोज सकाळी पलंगावर पाय पसरायचे, गुडघ्याखाली सोलापुरी टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती गुडघ्याने दाबत राहायचं. मग खुर्चीत बसून एकेक पाय सरळ उचलून धरायचा. पाय थरथरायला लागला की त्यालाच दटावायच्या, "गप, पडू नगंस." भाकरी ओट्याशी स्टुलावर बसून थापायला शिकल्या. सुरुवातीला भाकऱ्यांचे नकाशे झाले, ते आम्ही मुकाट्याने खाल्ले. दुखणं गेलं नाही, पण ताब्यात आलं. कठडा धरून का होईना, आत्या जिना चढू लागल्या. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं. मी योगासनांची चटई आणलेय, तिच्यावर सांडगे वाळत घालते.

अडलं ते मंगळवेढ्याला. तिथे आत्यांच्या थोरल्या जावेकडे त्यांचे सासरे असतात. वय पुष्कळ झालंय, पण सोप्यात खुर्ची टाकून बसलेले असतात, आणि ते समोर असताना घरातल्या सुना खुर्चीवर बसत नाहीत. हा नियम कुणी केला, देव जाणे. आत्यांची साठी उलटली तरी तिथे त्या सूनच. डोक्यावर पदर घेऊन सतरंजीवर बसायच्या आणि परत आल्या की गुडघे सुजलेले, केल्या कष्टावर पाणी. मग त्या जायचंच टाळू लागल्या. आज पाहुणे, उद्या बीपी. पण मामांवर, म्हणजे या सासऱ्यांवर, त्यांचा भारी जीव. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या आईविना पोर होत्या आणि मामांनी त्यांना लेकीसारखं वागवलं होतं. "म्हातारं हाय, आजून किती दिस दिसनार," म्हणायच्या आणि डोळे पुसायच्या. गुडघे सांभाळावेत तर मामा दुरावतात, अशी कोंडी झाली होती. मी म्हटलं, "मी सांगते त्यांना."

"तू नगं," त्या म्हणाल्या. "गुडघं माझं हायत."

हिवाळ्यात थोरल्या जाऊबाईंच्या नातवाचं बारसं निघालं. पाळणा झाला, घुगऱ्या वाटून झाल्या. बायका सतरंजीवर टेकल्या, पुरुष कडेने प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, आणि मध्ये मामा. आत्या उभ्याच. थोरल्या जाऊबाईंनी सतरंजीवर हात थोपटला, "बस की गं." रीतभातीच्या बाबतीत त्या घरात या जाऊबाईंचा शब्द शेवटचा.

आत्यांनी पदर नीट केला आणि सरळ सासऱ्यांकडे बघितलं. "मामा, माझं गुडघं झिजल्यात. डॉक्टरनी खाली बसू नगं म्हटलंय. खाली बसाय लागतंय म्हणून हितं यायचं टाळत हुते मी. आज मला खुर्चीवर बसायचंय."

सगळ्यांच्या माना मामांकडे वळल्या.

मामांनी आधी सुनेच्या तोंडाकडे आणि मग पायांकडे पाहिलं. "मग बस की पोरी," ते म्हणाले. "मी कवा नगं म्हनलं?"

खरंच, त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं. मी एका चुलतदिराला उठवलं आणि त्याची खुर्ची ओढून आणली. आत्या बसल्या. पाठ ताठ, पदर डोक्यावर, चेहरा एकदम मोकळा. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की भर बारशात टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आता जाऊबाई काय बोलणार म्हणून मी त्यांच्याकडे वळले, तर त्या सतरंजीवरून उठायची खटपट करत होत्या. एक हात जमिनीवर, दुसरा भिंतीला आणि पदराचं टोक दातांत घट्ट धरलेलं. त्यांना असं उठताना मी कितीदा तरी पाहिलं होतं, आणि दातांतला तो पदर म्हणजे थोरामोठ्यांपुढची मर्यादा, असं समजत आले होते.

"सूनबाई," पदर सोडून, धापा टाकत त्या मला म्हणाल्या, "मलाबी एक खुर्ची आन गं. कण्हल्यालं मामांना ऐकू जाऊ नये म्हणून पदर चावून चावून दात हलाय लागलं माझं."