आण्णा मास्तरांच्या एकेचाळीस बाटल्या

कुळगावात बाटली घ्यायची तर शालनबाईंना नाव सांगावं लागे. त्यांचा नवरा रामभाऊ चौऱ्याऐंशी साली वारला आणि वाइन शॉपचं लायसन बाईंच्या नावावर आलं. नियम असा की पिणाऱ्याकडे परवाना हवा, नसेल तर दुकानदाराने त्याच्या नावाने एका दिवसाचा फाडून द्यायचा. बाकीचे दुकानदार मनाला येईल ते नाव टाकून मोकळे होत. आमच्या बाई चष्मा चढवून, पेनाचं टोपण काढून विचारत, "नाव?" आणि मागे रांगेत शेजारी उभा, मेव्हणा उभा.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. शनिवारी एक क्वार्टर, त्याहून जास्त नाही. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी घाबरून आण्णा मास्तरांचं नाव सांगितलं. मास्तर व्यसनमुक्तीवर भाषणं देणारे, त्यांच्यावर कोण संशय घेणार? बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि तेच लिहून घेतलं.

"बाई, तुम्ही तर मला ओळखता," मी पुटपुटलो.

"ओळखते ना. पण सरकारने नाव विचारायला सांगितलंय, ओळख काढायला नाय."

ब्याण्णव साली स्टेशन रोडला काचेचं चकचकीत दुकान उघडलं. मालकाची उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत अशी सहा दुकानं. माल ट्रकने उचलायचा, म्हणून बाटलीमागे दोन रुपये स्वस्त, आणि नावाची भानगड नाही. बाईंचं अर्धं गिऱ्हाईक तिकडे वळलं. मीही दोनदा गेलो, खोटं कशाला बोलू. मालकाने बाईंचं लायसन विकत मागितलं, तर म्हणाल्या, "बारकं असलं तरी माझं हाय. इथं बसायला मला कुणाला विचारावं लागत नाय."

मग मार्चच्या सुरुवातीला, लायसन नवं करायच्या वेळी, कुणीतरी तक्रार केली. दारूबंदी खात्याचे साहेब आले. त्यांनी फेब्रुवारीचं परवान्याचं पुस्तक चाळलं आणि कपाळाला हात लावला. एका महिन्यात एकट्या आण्णा मास्तरांनी एकेचाळीस बाटल्या नेल्या होत्या. माझी शक्कल सगळ्या गावाला आधीच सुचली होती.

"एका माणसाला मर्यादेबाहेर एवढी विकलीत? आठ दिवसांत खरी माणसं समोर उभी करा, नाहीतर लायसन विसरा," साहेब म्हणाले.

बाईंनी कुणाच्याही दारात पाऊल टाकलं नाही. आरडाओरडा केला असता तर आम्ही कानावर हात ठेवले असते. त्या नुसत्या काउंटरमागे बसून पुसलेल्याच बाटल्या पुन्हा पुसत राहिल्या. ते मला बघवेना.

आठव्या दिवशी मी घरात येरझाऱ्या घालत होतो. बायको, कुंदा, तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "दर शनिवारी युनियनची मीटिंग असते ना तुमची? आज खरी मीटिंग आहे. जाऊन या."

दुकानासमोर साहेबांचं टेबल लागलं होतं. माझ्यापुढे सोनिवलीहून सायकल मारत आलेला धोंडी, त्याच्यापुढे किसन तलाठी, माझ्यामागे चक्क माझा मेव्हणा. रस्ताभर बघ्यांची गर्दी. एकेकाने पुढे होऊन स्वतःचं नाव सांगितलं, किती बाटल्या त्याही सांगितल्या. माझी पाळी आली तेव्हा लग्नातसुद्धा फुटला नव्हता एवढा घाम फुटला. एकोणचाळीस बाटल्यांना धनी मिळाले.

"दोन राहिल्या," साहेब म्हणाले.

तेवढ्यात गर्दीतून पांढरी टोपी घातलेले आण्णा मास्तर पुढे आले. आता आमची सगळ्यांची खरडपट्टी निघणार, असं वाटून मी मान खाली घातली.

"साहेब," मास्तर सावकाश म्हणाले, "त्या दोन खरंच माझ्या."

इतके दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या शालनबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "लिवा साहेब," त्या म्हणाल्या, "अख्ख्या महिन्यात खरं नाव सांगणारं हे एकच गिऱ्हाईक होतं."

साहेबांनी हसू दाबत कागदावर सही केली. मास्तरांना बोलायला तोंड होतं कुणाला?